पाच किलोमीटरच्या बाहेर

लॉकडाऊनमधला तो पाच किलोमीटरचा नियम मला मनापासून आवडायचा, हे मी डब्लिनमध्ये कुणाजवळ बोलले नाही. घरापासून पाच किलोमीटरच्या आत फिरायचं, पुढे गेलात की गार्डा, म्हणजे इथले पोलीस, परत पाठवणार. सगळं शहर त्या नियमाला शिव्या घालत होतं. आमच्या मराठी ग्रुपवर जो तो नकाशावर आपापलं वर्तुळ काढून टाकायचा आणि खाली रडका चेहरा. माझ्या वर्तुळात ब्युमॉन्टचं मोठं हॉस्पिटल येत होतं, घरापासून चालत जाता येईल इतकं जवळ. नवऱ्याने कितीही ठरवलं तरी त्याला त्यापासून लांब जाता येणार नव्हतं. तो हिवाळा मी त्या एका गोष्टीवर काढला.

२०२०च्या दिवाळीत त्याला हार्ट अटॅक आला. वय एकेचाळीस, सिगारेट नाही, वजन बेताचं. छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून निदान केलं: फराळ. चकल्या तेलकट झाल्या होत्या हे मीच आधी म्हणाले होते आणि त्याने त्या चहाबरोबर भरपूर हाणल्या होत्या. मग ओवा चावून झाला, सोडा पिऊन झाला, हॉलमध्ये शतपावली झाली. दुखणं हातात उतरलं तेव्हा कुठे ॲम्ब्युलन्स बोलावली. कोविडमुळे मला आत सोडता येत नव्हतं. कार पार्कमध्ये उभं राहून मी फोनची वाट पाहत होते आणि पाऊस पडतोय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. स्टेंट टाकला, सगळं नीट आहे, असा फोन आला तेव्हा मी त्या नर्सला तीनदा विचारलं की नक्की त्याच माणसाबद्दल बोलताय ना.

तो बरा झाला. लोक म्हणतात तसा 'ठणठणीत' झाला. मी नाही झाले. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. उत्तम चाललेली गोष्ट कुठे मोडेल हे शोधण्याचा मला पगार मिळतो. तो जिना चढायचा आणि मी खाली उभी राहून त्याच्या पावलांचा वेग ऐकायची. तो बाथरूममध्ये जरा जास्त वेळ राहिला की मी काहीतरी निमित्त काढून दार वाजवायची. 'टॉवेल हवाय का?' 'अगं, टॉवेल माझ्याकडेच आहे.' एवढं ऐकलं की मला पुरायचं.

नागपूरला त्याच्या आईंना मात्र आम्ही काहीच कळवलं नाही. परदेशात राहणाऱ्या आम्हा लोकांची ही रीतच आहे. इथलं तिथे सांगायचं नाही, तिथलं इथे सांगायचं नाही, आणि दोन्हीकडून रोज विचारायचं, 'सगळं ठीक ना?' विमानं बंद, आई सत्तरीच्या, सांगून त्या करणार काय? तो हॉस्पिटलात होता तेव्हा व्हिडिओ कॉलवर तो का येत नाही, याला काहीतरी कारण हवं होतं. ऑफिसात प्रमोशनचं चाललंय, फार काम आहे, असं मी ठोकून दिलं. एकदा ठोकून दिलं की ते सांभाळावं लागतं. मार्च उजाडला तरी त्या विचारायच्या, 'झालं का थ्या बढतीचं?' आणि हा म्हणायचा, 'होऊन जाईल ना, आई.'

मग एप्रिलमध्ये पाच किलोमीटरची मर्यादा उठली. त्याच आठवड्यात त्याने टेबलावर नकाशा पसरला. मलिंगर ते ॲथलोन, डब्लिनच्या पश्चिमेकडची दोन गावं. जुन्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर आता सायकलचा रस्ता केलाय; एक रूळ अजून तसाच बाजूला पडून आहे, मधली छोटी स्टेशनं ओस, वर दगडी पूल. धडधाकट माणूस एका दिवसात पार करतो. आपण तीन दिवस घेऊ, तो म्हणाला. सायकली ट्रेनने मलिंगरला न्यायच्या, तिथे मुक्काम, मग मोट नावाच्या गावात मुक्काम, मग ॲथलोन.

'रेल्वेचा रस्ता आहे गं. चढ नाहीच. इंजिनाला चढवत नाही, मग मला काय होतंय? आणि युअर मॅन म्हणाले ना, सायकल इज ग्रँड.'

युअर मॅन म्हणजे हार्टचे डॉक्टर, आणि ग्रँड म्हणजे 'काही हरकत नाही'. इथे राहून राहून आमच्या तोंडात हे असलं काहीबाही बसलंय. डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते. हळूहळू वाढवा, दम लागला तर थांबा, जिभेखाली मारायचा स्प्रे खिशात ठेवा, बाकी जगायला सुरुवात करा. त्यांचं काय जातं सांगायला?

मी नाही म्हणाले नाही. नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझ्याकडे कारण नव्हतं, नुसती भीती होती. त्याऐवजी मी म्हणाले, 'प्लॅनिंग मी करते.' तो खूश झाला. त्याला वाटलं, ही आली मार्गावर.

जून लागला की हॉटेलं उघडणार होती. तेवढे दिवस मी प्लॅनिंग करत होते, म्हणजे काय करत होते तर उपग्रहाच्या फोटोंवर तो रस्ता इंच इंच पाहत होते. चहाचं दुकान कुठे, हे लोक बघतात. मी बघत होते की गाडीरस्ता त्या वाटेला कुठे कुठे छेदतो, तिथून ॲम्ब्युलन्स आत येईल का, की मध्ये फाटक आहे. मलिंगरला हॉस्पिटल होतं. त्यामुळे मलिंगरमधून निघाल्यावर प्रत्येक पॅडलबरोबर आम्ही त्यापासून लांब जाणार, हे मला झोपेतसुद्धा कळत होतं. आणि इथे प्रत्येक घराला स्वतःचा एअरकोड असतो, तो सांगितला की गाडी थेट दारात येते. त्या वाटेवर घरंच नाहीत. दोन्हीकडे झाडी आणि शेतं. फोनवर मी काय सांगणार होते? एका झाडाजवळ आहोत, पलीकडे गाई आहेत?

त्याच महिन्यांत नागपूरच्या बातम्या येत होत्या. ऑक्सिजन, रांगा, ओळखीच्या कुणाचे काका, कुणाची बहीण. आईंजवळ राहणारा दीर त्यांना घराबाहेर पाऊल टाकू देत नव्हता. त्या रोज आम्हालाच बजावायच्या, 'जपून राहा बाप्पा, तिकडं कोन हाये तुमाले?' त्यांचा आवाज जरा घोगरा वाटला की मी 'खोकला आहे का' म्हणून दोनदा विचारायची. आम्ही लपवतो तसं त्याही काही लपवत असतील, आम्हाला कसं कळणार?

मोटच्या मुक्कामासाठी मी एक बीअँडबी, म्हणजे पाहुण्यांना खोल्या देणारं घर, शोधलं आणि तिथल्या बाईंना फोन केला. नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये आहे, असा माझा समज होता. खोली आहे का, सायकली ठेवायला शेड आहे का, हे विचारून झालं. मग मी विचारलं, तुमच्याकडे ॲम्ब्युलन्स यायला साधारण किती वेळ लागतो? मग त्या बाई हळूच म्हणाल्या, 'कुणाला बरं नाहीये का, पेट?' पेट म्हणजे इथलं 'बाळा'. मी म्हणाले, 'नवऱ्याला. म्हणजे आता बरा आहे. पण मला रोज वाटतं की आज होईल.' इतकी सरळ मी माझ्या सख्ख्या बहिणीशीही बोलले नव्हते. बाई म्हणाल्या, माझा मुलगा घरीच असतो, गाडी दारात असते, रात्री-अपरात्री हाक मारा. मी आभार मानून वळले तर नवरा दारात उभा.

'तू ट्रिपची तयारी करतेयस की माझ्या मरणाची?'

'दोन्हीची,' मी म्हणाले.

तो भडकला. तो सहसा भडकत नाही, आणि तो भडकला की मी त्याचा राग ऐकायचा सोडून त्याच्या मानेची शीर बघत बसते. 'सहा महिने तू माझ्याकडे माणसासारखं बघत नाहीयेस,' तो म्हणाला, 'गॅसवर दूध ठेवल्यासारखं बघतेस.' खरं होतं ते. मग तो स्वतःच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, 'मला पण भीती वाटते गं. सायकलवर बसलो की मी मनात ठोके मोजत असतो. म्हणून तर जायचंय. इथे असंच बसून राहिलो तर मी नुसता ठोकेच मोजत राहीन.'

त्याच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकत होते. आता दोघांची भीती एका टेबलावर आली होती आणि त्याने माझी कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. निदान हा तरी निर्धास्त आहे, यावर मी इतके दिवस टेकून होते.

'जाऊ,' मी म्हणाले. 'एका अटीवर. आधी आईंना सांग.'

'वेडी आहेस का? आत्ता? तिकडे काय चाललंय बघतेयस ना?'

'बघतेय. पण तिथे काही झालं तर फोन मला करावा लागेल. मी त्यांना काय सांगू? आई, तो गेला, आणि हो, दिवाळीत पण एकदा जाता जाता राहिला होता? तो फोन मी नाही करणार. बाकी सगळं करेन, तुझ्या मागे सायकल चालवेन, स्प्रे घेऊन धावेन. तो फोन नाही.'

खरं सांगायचं तर मला मरणाइतकीच त्या फोनची भीती वाटत होती. कितीतरी दिवस मी मनातल्या मनात तो लावत होते आणि पहिल्या वाक्यालाच अडत होते.

रविवारी त्याने व्हिडिओ कॉल लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ओट्यावरचा ओला फडका पिळून पिळून कोरडा केला. तो नागपुरी बोलायला लागला की लहान वाटतो. 'आई, बस तू जरा. एक सांगायचं हाये.' मग त्याने सगळं सांगितलं, दिवाळीपासून. नेट गेलं असं वाटून तो दोनदा 'हॅलो' म्हणाला.

'आयकून रायलो मी,' आई म्हणाल्या. 'म्हंजे बढती नोयतीच.'

'नाही, आई.'

'मी दिवाळीपासून गोड सोडलं, तुह्या बढतीसाठी. चहा बी बिनसाखरेचा. देवाले रोज म्हनो, पोराले मोठं कर. आन् तू तिथं पडला होता! मले म्हाईतच नोयतं त काय मांगू मी? चुकीचं मांगत रायलो ना रे मी इतके दिवस! काऊन नाई सांगतलं?'

काळजी नको म्हणून आम्ही त्यांना वगळलं होतं, आणि त्या माउलीने सहा महिने भलत्याच गोष्टीसाठी देवाला वेठीला धरलं होतं. तो रडत होता. आई रडत नव्हत्या, रागावल्या होत्या. 'सूनबाईले दे फोन,' त्या म्हणाल्या.

मी हात पुसत गेले. आता माझी पाळी. चकल्या, ओवा, प्रमोशनची थाप, सगळ्याचा जाब द्यायची मी तयारी केली होती.

'थ्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर तुह्यासोबत कोन होतं?' त्यांनी विचारलं.

'कुणी नाही, आई.'

'जेवली होती का तू?'

मी नकारार्थी मान हलवली.

'मले भेव लागते,' त्या म्हणाल्या. 'नोको जा, असंच म्हनावं वाटून रायलं. पन तो घरात बसून सुदरनार नाई. तुमी जा. आन् आता मले सांगत राहाजो, समदं. भेव वाटून घेऊ आपन. तू एकटी कितीक भेशीन?'

दुसऱ्या दिवशी दिराचा फोन आला की आई धड जेवत नाहीयेत, नुसत्या देवासमोर बसून असतात. मला अपराधी वाटलं, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की त्याचीच लाज वाटली. ट्रिप रद्द करायचं आमच्या मनात येऊन गेलं. आईंनीच दिराच्या हातून फोन घेतला आणि तिकिटं काढली का, म्हणून विचारलं.

जूनमध्ये आम्ही मलिंगरला उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाटेच्या तोंडाशी उभे राहिलो. ढगाळ होतं, वारा समोरून येत होता. मी दोन्ही सायकलींचे ब्रेक पुन्हा दाबून पाहिले. थोडं अंतर आम्ही बरोबर गेलो. मग तो म्हणाला, 'जरा पुढे जाऊ का?' आणि मी हो म्हणायच्या आधी गेला.

रेल्वेचा रस्ता, त्याला वळणं जवळपास नाहीतच. त्यामुळे माणूस दिसेनासा होत नाही, नुसता लहान लहान होत जातो. झाडांच्या मधल्या त्या लांब पट्ट्यात त्याचं पिवळं जॅकेट आधी हाताएवढं झालं, मग बोटाएवढं. हाक ऐकू जाईल इतका तो आता जवळ नव्हता. माझे पाय थांबले. उतरून सायकल धरून उभी राहिले. हॉस्पिटल मागे होतं, तो पुढे होता.

मी आईंना फोन लावला. तिकडे दुपार होती. पहिल्या रिंगलाच त्यांनी उचलला. फोन हातात धरूनच बसल्या असणार.

'काय झालं?'

'काही नाही, आई. तो पुढे गेलाय.'

'दिसते का तुले?'

'दिसतोय. फार लहान दिसतोय.'

'पॅडल मारून रायला का?'

मी डोळे बारीक करून पाहिलं. 'हो. मारतोय.'

'मंग फोन ठेवू नोको,' त्या म्हणाल्या. 'मले सांगत राह्य.'

फोन मी कानाला लावून ठेवला, एका हाताने सायकल ढकलत चालायला लागले आणि त्यांना सांगत राहिले.