गरम गाडीची किक

उडीनंतरच्या वळणात गाडीचं मागचं चाक थयथय नाचलं आणि इंजिन बंद पडलं. धूळ खाली बसली. मग काशीनाथ शेठ म्हणाले, "नामा, गाडी चालवतूस का तिच्यासंगं भांडतूस?"

नामदेव म्हणजे आमचे मालक, माझे यजमान. ईट गावात रस्त्याकडेला आमचं मोटारसायकलचं गॅरेज आहे. ते पुढं गिऱ्हाईक बघतात, मी मागं पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन उघडते. शाळा चौथीला सुटली, पण पान्यावरचे नंबर वाचायला तेवढी पुरली. माणसांशी बोलायचं काम मालकांचं. मला ते जमत नाही.

शेठचा तेरखेड्याला फटाक्यांचा कारखाना आहे आणि त्यांना मातीतल्या शर्यतींचा नाद आहे. मातीचे उंचवटे करायचे, वळणं काढायची आणि त्यावरून मोटारसायकली उडवायच्या, ती शर्यत. शेठनी त्यासाठी एक जुनी फोर-स्ट्रोक गाडी आणून आमच्या गॅरेजात ठेवली होती. रविवारच्या शर्यतीत मालकांनी ती नीट चालवली तर पुढचा सगळा हंगाम तेच तिच्यावर बसणार. नाहीतर बार्शीचा एक गडी तयारच होता.

आमची स्वतःची गाडी टू-स्ट्रोक. तिचा सिलिंडर गेला होता आणि तसला दुसरा कुठंच मिळत नव्हता. शेठची गाडी हातची गेली की मालकांची शर्यत संपली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आम्ही ते बोलत नव्हतो.

दोन्ही गाड्यांतला फरक सांगते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन एकदा वर जाऊन खाली आला की एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकला त्यासाठी दोन फेऱ्या लागतात. शेठ त्यांच्या भाषेत सांगायचे, "एक लवंगीची माळ, दुसरा सुतळी बॉम्ब." टू-स्ट्रोक हलकी आणि तिखट, पण तिची ताकद वरच्या आवाजातच असते. आवाज पडला की ती मेली. म्हणून तिच्यावरचा माणूस एक बोट कायम क्लचवर ठेवतो आणि वळणातसुद्धा इंजिन किंचाळत ठेवतो. ॲक्सिलरेटरची मूठ सोडली तरी ती फारशी थांबत नाही, ब्रेक दाबावाच लागतो. फोर-स्ट्रोक खालूनच ओढते, आणि मूठ सोडली की इंजिनच गाडीला मागं धरतं. मालक वळणाला सवयीनं ब्रेक दाबायचे, तिकडून इंजिनही धरायचं. मग चाक नाचायचं.

आमचं लग्न झालं तेव्हा मालक गॅरेजमागच्या माळावर टू-स्ट्रोक चालवायचे. मी शेडमध्ये काम करता करता नुसत्या आवाजावरून सांगायची, आता बाभळीपाशी आले, आता उडीवर चढले, आता हवेत आहेत. हवेत असताना आवाज एकदम मोकळा व्हायचा आणि माझा पाना थांबायचा. त्या गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. ते जळाल्याचा वास त्यांच्या शर्टाला असायचा. शर्ट धुवायला टाकताना मी तो जरा वेळ तसाच हातात धरायची. हे त्यांना अजून माहीत नाही.

नव्या गाडीचा आवाज मात्र जाड आणि बसका. त्यात मला मालक कुठं आहेत ते कळायचंच नाही.

त्या दिवशी शेठ गेल्यावर मालक म्हणाले, "हिच्यात जीवच न्हाय."

"अहो, तुम्ही तिला लई ओरडायला लावता," मी म्हणाले. "वरच्या गियरात टाका आणि सोडून द्या तिला."

"तुला काय ठावं?"

"मी चालवून दाखवू?"

ते बघतच राहिले. दुरुस्त झालेली गाडी माळावर फिरवून बघणं हे माझ्या कामातच आहे. सगळ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या फोर-स्ट्रोक, त्यामुळं माझ्या हाताला दुसरी सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर चिटपाखरू नसताना मी त्यांची पँट घालून गाडीवर बसले. उडी मारली नाही, उंचवट्यावरून नुसती गेले. वळणाआधी मूठ सोडली, इंजिननं गाडी अलगद धरली. मूठ पिळली, तिनं खालून ओढलं. विहिरीतून भरलेली घागर वर यावी तशी. मला परत यावंसं वाटेना.

आल्यावर मालक म्हणाले, "हसत व्हतीस."

"न्हाय."

"हसत व्हतीस. म्या बघितलं."

एक गोष्ट मी त्यांना पुन्हापुन्हा सांगितली. ह्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये छोटा पंप आहे. मूठ पिळली की पेट्रोलची पिचकारी आत जाते. त्यामुळं गरम गाडी बंद पडली तर किक मारताना मूठ पिळायची नाही. पिळली की प्लग ओला होतो आणि गाडी उठत नाही. टू-स्ट्रोकवाला मूठ पिळतच किक मारतो, त्याचा हात तसाच शिकलेला असतो.

रविवारी मालकांची सुरुवात चांगली झाली. मग पुढचा गडी घसरला, मालकांनी घाबरून ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. नेमकी मी उभी होते त्या दोरीसमोर. मालकांनी किक मारली. मूठ पिळत. पुन्हा मारली. पुन्हा पिळत. बाकीच्या गाड्या बाजूनं निघून जात होत्या.

"अहो, मूठ सोडा!"

तो आवाज माझा होता हे मला लोक वळून बघायला लागले तेव्हा कळलं. कुणीतरी ओरडलं, "आरं, मालकिणीलाच बसवा की गाडीवर!" सगळे हसले. मी पदर तोंडावर घेतला.

मालकांनी मूठ सोडली. एक किक वाया गेली. पुढच्या किकला गाडी उठली.

राहिलेली शर्यत त्यांनी वरच्या गियरात, शांत मुठीनं काढली. मी डोळे मिटले. त्या बसक्या आवाजात पहिल्यांदाच मला ते दिसले, आता वळणात, आता उडीवर, आता हवेत. ते सगळ्यांत शेवटी आले.

शेठ वाईट बोलले नाहीत. "नामा, शेवटाला झ्याक चालवलीस. पर शर्यत शेवटापसनं सुरू होत न्हाय गड्या." गाडी टेम्पोत चढवताना दोरी मालकांनीच बांधली. ती बार्शीला गेली.

येताना ते एकच बोलले. "मूठ म्या सोडली व्हती न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले. "सोडली व्हती."

टू-स्ट्रोक शेडमध्ये तशीच उभी आहे. मालक तिच्यावर धूळ बसू देत नाहीत. ऑइलचा डबा कधीतरी उगाच उघडतात, वास घेतात आणि झाकण लावतात. मी गिऱ्हाइकाची गाडी घेऊन माळावर गेले की जुन्या उंचवट्याआधी मूठ सोडते आणि इंजिन कसं धरतं ते ऐकते. कुठलीच गाडी शेठच्या गाडीसारखी धरत नाही. एका घरात दोन माणसं दोन वेगळ्या गाड्यांसाठी झुरतात, पण जेवायला एकाच वेळी बसतात.

ह्यातून शिकायचं एवढंच, की गरम गाडीला किक मारताना मुठीला हात लावू नये. जुनी गाडी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना आता हे मी स्वतः सांगते, हळू आवाजात. मालक शेजारी उभे असतात. मान हलवतात. आणि मी सांगत असतानाच त्यांची उजवी मूठ हवेत हळूच पिळली जाते.