रामटेके मॅडम आणि करडीचे पोहे

रामटेके मॅडम करडीत पहिल्यांदा आल्या, त्या पंचायतीत मांडलेल्या खुर्चीकडे गेल्याच नाहीत. भंडाऱ्याच्या विकास महामंडळाच्या कार्यालयात त्या अधिकारी होत्या. गावोगावच्या बायांना उद्योग उभा करून देणं हे त्यांचं काम. बचत गटाची अध्यक्ष म्हणून मी हार घेऊन उभी, आणि बाई तडक माझ्या सैपाकखोलीत! मी धावत घरी पोचले, तर चुलीपाशी बसून आमच्या धानाचे पोहे कोरडेच चावत होत्या.

"हे तुमी घरीच खाता? इकत काहून नाही?"

"कोन घेईल, मॅडम?"

"ते घेनाऱ्याले ठरवू द्या ना, बाई."

हे वाक्य त्या सगळीकडे म्हणायच्या.

कार्यालयानं नागपूरच्या प्रदर्शनात आम्हाला स्टॉल मिळवून दिला. मी मागे तोंड मिटून उभी. मॅडम बाहेर गेल्या आणि गिऱ्हाईक होऊन आल्या. "कुठले पोहे हे?" मी पुटपुटले, "करडीचे." थोडं फिरून पुन्हा आल्या, ओळख नसल्यासारख्या. "कुठले म्हन्ले?" शेवटी मी चिडून ओरडलेच. दहा माणसं वळून पाहायला लागली, त्यातली दोन थांबली. परतताना बसमध्ये मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या.

मागणी वाढली, तसे उखळातले पोहे पुरेनात. मॅडमनी गटासाठी मशीन मंजूर करून आणली, शेडही झालं. वीज मात्र येईना. जोडणीसाठी त्या एसटीनं वीज कार्यालयात हेलपाटे घालत राहिल्या. चेहरा काळवंडला होता. पाय इतके सुजायचे, की आल्या आल्या चपला काढून बसत.

"तब्येत दाखवली काय, मॅडम?"

"तब्येतीले काय झालं? मशीनचं बोला."

त्यांच्या किडन्या गेल्याचं आम्हाला त्यांच्या शिपायाकडून कळलं. एक दिवस डायलिसिस, दुसऱ्या दिवशी करडी. मी रडून भांडले, "आमच्यासाठी जीव देता काय?"

त्या माझा हात धरून म्हणाल्या, "घरी पडून राह्यली तं बिमारीच दिसते मले. इथं तुमी दिसता."

वीज आली तेव्हा त्या नागपूरच्या दवाखान्यात होत्या. मशीन सुरू झाली. गरम, पातळ पोहे पडायला लागले, तशा बाया ओंजळी भरभरून एकमेकींना दाखवायला लागल्या. मी कोपऱ्यात जाऊन फोन लावला. त्यांच्या यजमानांनी उचलला.

"भाऊ, मॅडमले द्या ना."

ते म्हणाले, "ताई, शीला सकाळीच गेली."

मी भिंतीला टेकले.

"मागं कायचा आवाज येऊन राह्यला?" त्यांनी विचारलं.

"मशीन हाये, भाऊ. आजच सुरू झाली. थांबा, बंद करायले सांगते."

"नका, बंद नका करू," ते म्हणाले. "जरा आयकू द्या मले."

मी फोन मशीनजवळ नेऊन धरला.