ताट पुढं सरकवणाऱ्या सिस्टर

बढतीच्या पत्रावर मी मंगळवारी सही केली, आणि ती बढती घ्यावी की नाही याबद्दल देवाची इच्छा कळावी म्हणून त्यानंतरच्या रविवारी मंडळीला प्रार्थना करायला सांगितलं.

मंडळी म्हणजे फरीदाबादमधली आम्ही चौदा-पंधरा मराठी ख्रिस्ती माणसं. महिन्याच्या पहिल्या रविवारी हिंदी उपासना आटोपली की दुपारी चारला ते चर्च आम्हाला मिळायचं. त्या दिवशी सगळे माझ्यासाठी गुडघे टेकून बसले. त्यातल्या दोघांचे गुडघे नुकतेच बदललेले होते. मीही डोळे मिटून बसलो, आणि गंमत अशी की आपण खरोखरच विचारतो आहोत असं मला वाटत होतं.

विचारण्यासारखं होतं मात्र खरं. जालन्याला माझे पप्पा एकटे राहायचे. न्हाणीघरात पडून त्यांचा खुबा मोडला होता, वॉकर धरून ते घरातल्या घरात फिरत होते. कंपनीनं माझ्यापुढं दोन वाटा ठेवल्या होत्या. गुरुग्रामलाच बढती, पण तीन वर्षं हलायचं नाही. किंवा आहे त्याच पदावर छत्रपती संभाजीनगरची शाखा, म्हणजे जालन्यापासून तासाभराचा रस्ता.

मला पकडलं ते सिस्टरनी. सिस्टर म्हणजे नन नव्हेत. मिरजेकडं नर्सिंग शिकून चाळीस वर्षांपूर्वी दिल्लीला आल्या, सरकारी इस्पितळात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर फरीदाबादला एका खोलीत राहिल्या. आमच्यातल्या कुणालाही त्यांचं नाव चटकन आठवलं नसतं, पण त्यांची एक सवय सगळ्यांना पाठ होती. प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचं ताट बाकावरून फिरत त्यांच्यापाशी आलं की कधीकधी त्या भाकर न घेता ते पुढं सरकवायच्या. भाकर म्हणायचं, असायचे पावाचे चौकोनी तुकडे. सिस्टरनी ताट सरकवलं की कुणाबद्दल तरी त्यांच्या मनात अढी आहे आणि ती अजून मिटलेली नाही, हे साऱ्या मंडळीला कळायचं. एकदा पाळकसाहेबांच्या प्रवचनानंतर सलग दोन महिने ताट सरकलं. तिसऱ्या महिन्यात पाळकसाहेब स्वतःच त्यांच्या खोलीवर जाऊन चहा पिऊन आले.

भोजनाच्या आदल्या दिवशी त्या खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवायच्या आणि पाव तास बसायच्या. याला त्या राऊंड म्हणायच्या. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या खाटांपाशी राऊंड घेतला, आता स्वतःच्या खाटेपाशी थांबते," असं त्यांचं म्हणणं. त्यांचं आणखी एक वाक्य होतं: "दुसऱ्याचा ताप हाताला लगेच लागतो. स्वतःचा कळायला दुसऱ्याचा हात लागतो."

मला त्यांनी प्रार्थनेच्या त्या रविवारी उपासनेनंतर कप धुता धुता उपाय सांगितला होता. तीन दिवस उत्तर 'हो' आहे असं धरून जगायचं, तीन दिवस 'नाही' आहे असं धरून जगायचं, आणि झोप कधी लागते ते पाहायचं. मी "बिल्कुल, करतो" म्हणालो आणि महिनाभर विसरलो. आठवलं ते पुढच्या महिन्याच्या रविवारी, गुरुग्रामहून फरीदाबादला निघताना. मग मेट्रोतच उरकलं. येलो लाइनवर 'हो' धरून जगलो. केंद्रीय सचिवालयाला गाडी बदलली आणि व्हायोलेट लाइनवर 'नाही' धरून जगायला लागलो. कालकाजी येईपर्यंत मी शेजारच्या सरदारजींच्या खांद्यावर घोरत होतो. नियमानं पाहिलं तर उत्तर मिळालं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली ती अशी की प्रार्थना ऐकली गेली, देवानं दार उघडलं, बढती मिळाली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. पप्पांनाही फोनवर हेच सांगितलं. ते म्हणाले, "देवाची इच्छा असेल तर माझं काय म्हणणं."

नव्या पदाचं नाव सिस्टरना दाखवावं म्हणून मी चहाच्या वेळी मोबाइलवर ते पत्र उघडून त्यांच्या हातात दिलं. याला मूर्खपणा नाही म्हणायचं तर कशाला? ज्या बाईनं आयुष्यभर केसपेपर वाचले, तिची नजर आधी कुठं जाणार? सहीखालच्या तारखेवर. त्यांनी मोबाइल परत दिला आणि चहा निवतोय एवढंच म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात ताट सरकलं.

मला तर सणच झाला. उपासना संपल्यावर मी जणू तपास अधिकारी नेमलेला, असा एकेकाला कोपऱ्यात घेऊन विचारत होतो, सिस्टरशी तुमचं काही झालं का? खजिनदार घाबरले. पेटी वाजवणाऱ्या बाई रडवेल्या झाल्या. संध्याकाळी नेहमीप्रमाणं मी सिस्टरना कॅबनं त्यांच्या खोलीवर पोचवायला निघालो. हा आमचा रिवाज होता. मी सतराव्या मजल्यावर राहायचो. सोसायटीत माझी ओळख म्हणजे फ्लॅटचा नंबर आणि गार्डचं "नमस्ते सर जी". आठवडेच्या आठवडे तोंडातून मराठी शब्द निघायचा नाही. महिन्यातली ती कॅबमधली पंधरा-वीस मिनिटं मला हवी असायची. तर कॅबमध्ये मी हसत विचारलं, "सिस्टर, यावेळी कुणाची पाळी?"

"तुझी, साहेब," त्या म्हणाल्या. "एवढ्या माणसांना गुडघ्यावर बसवलंस आणि सही आधीच करून आलास. देव नको म्हणाला असता तर काय केलं असतंस?"

मी काहीतरी पुटपुटलो. कंपनीच्या मुदतीचं कारण दिलं, पप्पांना बाई ठेवलीय असं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, इस्पितळात नातेवाइकांचं ऐकून घेतात तसं.

मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पण ताट मी तुझ्यामुळं नाही सरकवलं. तारीख मला महिन्याभरापूर्वीच दिसली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. काल खुर्चीवर बसले तेव्हा कळलं, का बोलले नाही. तू इथंच राहावास असं मला वाटत होतं. मला पोचवायला कुणीतरी असतं. तुझ्या बापाचा माणूस मी माझ्यापाशी ठेवून घेतला."

ड्रायव्हरनं विचारलं, मॅडम, लेफ्ट? त्या लेफ्ट म्हणाल्या. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर औषधांची पिशवी असायची आणि मी गेलो की त्या ती उचलून खाली ठेवायच्या. त्या दिवशी त्यांनी पिशवी उचलली नाही. दारातूनच निरोपाचा सलाम म्हणाल्या.

मी खूप शूरपणे वागलो असं नाही. चार दिवस त्यांच्यावर चिडून होतो. पाचव्या दिवशी बढती सोडतो, संभाजीनगरची शाखा द्या असं कंपनीला कळवलं. ऑफिसातले साहेब म्हणाले, यार, लोक असं करत नाहीत. पुढच्या महिन्याच्या रविवारी मी मंडळीपुढं सगळं कबूल केलं. खूप छान कबूल केलं. मधे एकदा माझाच कंठ दाटून आला आणि मला ते आवडलंसुद्धा. सिस्टरनी त्या दिवशी भाकर घेतली. नंतर कप धुताना म्हणाल्या, "कबुली दे म्हटलं की तू भाषण देतोस." मी विचारलं, आता तुम्हाला कोण पोचवेल? "ऑटो मिळतो," त्या म्हणाल्या. "चलो, जा आता."

पप्पांना मात्र मी खरं सांगितलं नाही. देवानं पाठवलं, एवढंच म्हणालो. त्यांनी बाजूच्या खोलीतली खाट झटकून दिली.

यंदा थंडीत पाळकसाहेबांचा फोन आला. सिस्टर गेल्या. खुर्चीवरच होत्या, भिंतीकडं तोंड करून. दुधवाल्यानं शेजाऱ्यांना हाक मारली. धुक्यानं विमानं अडकलेली, मी पोचू शकलो नाही. दुपारी तिथल्या कुणीतरी दफनाचा व्हिडिओ कॉल लावून दिला. हलत्या मोबाइलवर मोजून अकरा माणसं दिसत होती, कानटोप्या घातलेली. पेटीचे सूर तुटत होते. पप्पा वॉकर धरून माझ्या शेजारी येऊन बसले. शेवटची माती पडली तेव्हा त्यांनी विचारलं, या तुझ्या कोण?

मग मी सगळं सांगितलं. मंगळवारची सही, रविवारची प्रार्थना, मेट्रो, सरदारजी, कॅब. मी फोनवर देवाचं नाव सांगून त्यांचं तोंड बंद केलं होतं, तेही सांगितलं. यावेळी कंठ दाटून आला नाही.  मग न राहवून विचारलं, "त्या नसत्या तर मी आलो असतो का हो, पप्पा?"

"तू?" पप्पा म्हणाले. "तू तिकडंच बसून माझ्यासाठी प्रार्थना केली असतीस."