हात मांडीवर

दत्तूकाका कीबोर्डवर आज्ञा लिहायचे आणि एंटर दाबण्याआधी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे, ताट वाढून होईपर्यंत माणूस थांबतो तसे. मग पडद्यावरची ओळ ओठांतल्या ओठांत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आणि त्यानंतरच उजव्या हाताचं एक बोट पुढे यायचं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. खालापूरजवळच्या कागद गिरणीत मी वजनकाट्यावर नवीन लागले होते. एका सकाळी काट्याचा आकडा कॉम्प्युटरवर यायचाच बंद झाला. बाहेर रद्दीचे ट्रक तुंबले आणि हॉर्न सुरू झाले. तेव्हा इलेक्ट्रिकल खात्यातून हे आले. कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली आणि हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसले. एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, तर मान न वळवता म्हणाले, "हॉर्न मारून वजन येतं काय रं? थांब की जरा." मग बोट पुढे आलं आणि आकडा उमटला. मला म्हणाले, "यंत्र सांगितलेलं ऐकतं गं. आपण काय सांगितलं ते आपल्याला ठावं पायजे."

काट्याशी बोलणारा तो प्रोग्राम त्यांनी स्वतःच लिहिला होता. शिक्षण आयटीआय. एका मासिकासोबत लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीची, सीडी आली, तिच्यावर हा माणूस शिकला. लिनक्सचं आतलं सगळं उघडं असतं, हवं त्याने वाचावं, हवं ते बदलावं, याचं त्यांना फार अप्रूप. "झाकल्या भांड्यातलं मी खात नाय," म्हणायचे.

निवृत्त होऊन ते कळंबला घरी बसले आणि मी रविवारी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. मी कीबोर्डवर, ते मागे पलंगावर. मी हात मांडीवर घेऊन ओळ मोठ्याने वाचायची, ते म्हणायचे, "दाब आता." शेजारच्या रिसॉर्टवाल्याने एकदा ऐन शिकवणीत हाक मारली, वायफाय चालत नाही म्हणून. काका म्हणाले, "वायफाय बरं हाय. तुमीच जरा बंद होऊन परत चालू व्हा."

सुनंदाकाकू चहा ठेवता ठेवता हसायच्या. कॉम्प्युटरला त्या सवत म्हणायच्या. एकदा काकांनी भंगारातून एक साउंड कार्ड आणलं. लिनक्सला ते ओळखता येईना, म्हणून ते ओळखायला शिकवणारा प्रोग्राम त्यांनी दोन महिने खपून लिहिला. माइक चालू झाल्यावर काकूंना बोलावून म्हणाले, काहीतरी बोल. काकू म्हणाल्या, "काय बोलू? तिकडं भाकरी करपते हाय. तुमी येताय का जेवाया?" पुढच्याच वर्षी काकू गेल्या. त्यांचा आवाज तेवढाच उरला, जुन्या फायलींच्या एका वेगळ्या डिस्कवर.

ती डिस्क किरकिरायला लागली. नेमकं तेव्हाच काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला मनाई केलेली. काळा चष्मा लावून पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "सुषमे, नवीन डिस्क आणलीय. जुनीची नक्कल तिच्यावर उतरव." त्यासाठी एक दोन अक्षरी आज्ञा असते. तिला कुठून आणि कुठे एवढंच सांगायचं. ती उलट विचारत नाही. मला कर्जतला एका साखरपुड्याला जायचं होतं. मी ओळ लिहिली आणि एंटर दाबलं. हात मांडीवर गेलेच नाहीत.

काकांनी कान टवकारले. "थांबव गं. जुनी वाचली जात नाय, तिच्यावर लिवलं जातंय."

नुसत्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. मी वायर उपसली, पण कोऱ्या डिस्कचा कोरेपणा जुनीच्या सुरुवातीवर चढला होता. कुठून आणि कुठे यांची मी अदलाबदल केली होती. मी रडत राहिले. ते एवढंच म्हणाले, "वरची पानं गेली. आतलं आसंल. जा तू, उशीर होतोय."

डोळा बरा झाल्यावर त्यांनी त्या डिस्कवरचं जे काही उरलं होतं ते सरळ आवाज म्हणून वाजवायला घेतलं. कानाला हेडफोन लावून हा माणूस रोज सकाळी खरखर ऐकत बसायचा. तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "सापडली. पयलं गेलं. 'येताय का जेवाया' तेवढं हाय. बास झालं मला."

त्यानंतरही ते बोलवायचे, "ये, बस मशीनवर." मी जायचे, चहा प्यायचे, पण कीबोर्डला हात लावला नाही. काहीबाही सबबी सांगायचे. त्याची आज फार शरम वाटते.

मागच्या भातकापणीच्या वेळी काका गेले. त्यांच्या मुलाने तो कॉम्प्युटर माझ्याकडे आणून दिला. "बाबा बोलले होते, सुषमालाच द्या." काकूंचा आवाज नव्या डिस्कवर उतरवावा म्हणून परवा मी धीर करून बसले आणि तीच दोन अक्षरी आज्ञा दिली. नक्कल सुरू झाली नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं.

"सुषमे, हात मांडीवर. कुठून? कुठं?"

त्या आज्ञेच्या आड काकांनी स्वतःचा एक छोटा प्रोग्राम बसवून ठेवला होता. मी त्याची तारीख पाहिली. माझ्या चुकीनंतरचा तिसरा दिवस. काळा चष्मा उतरला नव्हता, काकूंचा आवाज सापडला नव्हता, सापडेल की नाही तेही ठाऊक नव्हतं. आणि मी पुन्हा तिथे बसणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

मी कुठून ते लिहिलं, कुठे ते लिहिलं. हात मांडीवर घेतले आणि ओळ मोठ्याने वाचली. मग मागून कुणीतरी "दाब आता" म्हणेल म्हणून थांबून राहिले.