विहिणीसाठी खताई

आईला आम्ही अव्वा म्हणायचो, आणि ती महाहट्टी होती. हे मी कौतुकानं सांगते, कारण तो हट्ट पुढं माझ्यातही उतरला आणि त्यानं माझं कधी वाईट केलं नाही.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. आम्ही लातूरला राहायचो. थोरली बहीण, आमची अक्का, नांदेडला दिलेली. सासरे कचेरीत नोकरीला, घरी मोठ्या माणसांची ऊठबस, त्यामुळं तिच्या सासूबाईंचं नाक सदा वर. लग्नानंतर पंचमीला अक्का माहेरी आली ती निरोप घेऊनच. दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांच्याकडं पाहुण्यांची रीघ असते, त्यांच्या ताटात खताई, म्हणजे नानकटाई, हवी, आणि ती सुनेच्या माहेरून यावी. घरीच भाजलेली पाहिजे, भट्टीतली नको. दोन्ही घरं लिंगायत, गळ्यात लिंग घालणारी. ज्या भट्टीत अंड्याचे केक भाजतात, तिथलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. आणि खताई जमत नसेल तर संक्रांतीला लेकीला न्यायला येऊ नका, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं.

सांगताना अक्काचे डोळे भरले. सोळा वर्षांची तर होती.

"रडू नको," अव्वा म्हणाली. "खताई काय आभाळातनं पडती व्हय? कुणीतरी हातानंच करत आसंल की."

अव्वानं खताई तोवर बाजारात काचेच्या बरणीत पाहिली होती, तेवढीच. चव कुणाला ठाऊक? पण दिवाळीच्या आठ दिवस आधी अक्का पुन्हा आली, तेव्हा अंगणात चूल पेटलेली होती. चुलीवर घमेलं, घमेल्यात वाळू, वाळूवर ताटली, आणि वर झाकायला लोखंडी तवा. तव्यावर निखारे ठेवायचे. ही युक्ती अव्वाच्याच डोक्यातली. साखर राशनवर मिळायची. ती सगळी खताईला राखून ठेवली आणि आमच्या करंज्या-लाडू त्या वर्षी गुळावर गेले.

"दिवाळी खताईची हाय का आपली?" अप्पा कुरकुरले.

"लेकीची हाय," अव्वा म्हणाली आणि त्यांच्याच हातात विस्तव फुंकायची फुंकणी दिली.

पहिला घाणा बघून आम्ही हरखलो. फुलला होता छान. तोंडात घातला तर साबण! रंगही हळदीसारखा पिवळा. झालं होतं असं की, खताई फुलायला खार लागतो एवढं अव्वानं कुणाकडून तरी ऐकलेलं, आणि आमच्या घरात खार म्हणजे पापडखार. उन्हाळाभर पापड लाटणाऱ्या बाईला दुसरा खार सुचणार तरी कसा? तिनं सढळ हातानं पापडखार घातला होता. आमच्या दारातल्या कुत्र्यानं ती खताई हुंगली आणि ते चालू लागलं.

दुसऱ्या दिवशी अव्वानं एक खताई माझ्या हातात देऊन मला गंज बाजारातल्या पाववाल्या चाचांकडं पाठवलं. त्यांच्या भट्टीचं खायचं नाही, पण विचारायला काय हरकत आहे, हा तिचा न्याय. चाचांनी खताई मोडली, वास घेतला आणि पोट धरून हसले.

"पापडखार नक्को बोल अम्मा को. मीठा सोडा होना, चुटकीभर. और अंगार ऊपर जादा, नीचे कम."

निघताना त्यांनी कागदाच्या पुडीत तो खायचा सोडाही दिला. अव्वानं पुडी उघडली, क्षणभर थांबली, आणि सोडा पिठात घातला. त्या पुडीबद्दल घरात कुणाला सांगू नको, असंही ती मला म्हणाली नाही. लपवायचं तिला ठाऊकच नव्हतं.

तूप फेटायचं काम अक्काचं. परातीत थंड तूप आणि पिठीसाखर घेऊन ती तळहातानं रगडत बसे. तूप पांढरंशुभ्र होईस्तोवर अव्वा तिला उठू देत नसे. दोन घाणे खालून करपले. तिसरा निघाला तेव्हा एकेक खताई वरून तडकलेली, बोटात धरली तर भुगा होईल अशी. अव्वा जमिनीवरच बसली आणि हसत सुटली. तिला तशी हसताना मी फार कमी पाहिलं आहे.

भाऊबीज झाल्यावर अक्काबरोबर मी पाठराखीण म्हणून नांदेडला गेले. डबा मांडीवर धरून मोटारीत रस्त्याचे सगळे खड्डे सोसले. सासूबाईंनी एक खताई उचलली, न्याहाळली आणि डबा उचलून सरळ दाराबाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

"भट्टीची हाय. घरात आशी होत न्हाई. आमाला बाटवायला निघालात व्हय?"

मला बोलायचं होतं, पण बोलली ती अक्का. त्या घरात तिनं कधी मान वर केली नव्हती.

"अत्याबाई, घमेलं द्या. आन् तूप."

"कर बघू," बाई म्हणाल्या. फजिती बघायला त्या पाट घेऊन समोरच बसल्या. भर दुपारी अक्कानं अंगणात चूल मांडली, मी वाळू चाळून दिली. सोडा शेजारच्या हकिमाकडून आणला. अक्काची खताई अव्वाच्या खताईइतकी देखणी झाली नाही, थोडी एका अंगानं लालसर झाली. बाईंनी एक खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग उठून ओट्यावरचा डबा आत आणला.

संक्रांतीला अक्काला त्यांनी बिनबोभाट पाठवलं. पण पुढच्या दिवाळीला निरोप आला: सूनबाई दिवाळीला येणार नाही, पाहुण्यांना खताई तिच्याच हातची लागते.

जिंकून हरलो होतो आम्ही. मला तर रडूच फुटलं. अव्वा मात्र पितळी डबे घासायला बसली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी ती मैदा, तूप, राखलेली साखर आणि आडाच्या पाण्यानं भरलेली कळशी घेऊन मोटारीत चढली, मला बरोबर घेऊन. अक्काला अजून मूल नव्हतं, आणि तोवर लेकीच्या घरचं पाणीही आईबाप घेत नाहीत, ही आमच्याकडची रीत.

नांदेडला पोचल्यावर तिनं पदर खोचला आणि अक्कासमोर परातीपाशी बसली. सासूबाई गोंधळल्या. "ईनबाई, आधी चा तरी घ्या."

"लेकीच्या घरचं चालत न्हाई मला," अव्वा म्हणाली. "पाणी माजं मी आणलंय. तुमी लेकीला पाठवत न्हाई, म्हून दिवाळीच हितं घेऊन आले."

बोलता बोलता तिनं तुपात हात घातला. अक्कानं दुसऱ्या बाजूनं घातला. दोघी एकाच परातीत तूप फेटू लागल्या.