गूळ विसरलेलं पन्हं

फोन आला तेव्हा माझे हात कैरीच्या गरात होते. सांगलीच्या दवाखान्यातून पुतण्या बोलत होता. "काकी, आई गेली..." एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणाले. काय बरं, कुणास ठाऊक! मग गर पातेल्यात निपटून काढला, हात धुतले आणि भिंतीला टेकून बसले. खरं सांगते, तेव्हा रडू आलं नाही, झोप आली. इतक्या महिन्यांची धावपळ एकदमच अंगात उतरली.

शालनअक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. कराडजवळच्या आमच्या गावात घरच्या दावणीला कायम दोन-तीन म्हशी, आणि अक्कांना दूध अजिबात पचत नसे. चहासुद्धा कोरा. सासूबाई चारचौघींत म्हणायच्या, "दुधाच्या घरात दिली आन् दुधाचंच वावडं! कपाळ माजं." अक्का हसून कैऱ्या उकडायला ठेवायच्या. सगळ्यांना ताक, अक्कांना पन्हं. हळूहळू पाहुणेही ताक नको, पन्हंच द्या म्हणायला लागले. बांधावरच्या झाडाच्या कैऱ्या, गूळ, मीठ, वेलदोडा, भाजलेलं जिरं आणि ठेचलेली मिरी. मिरी घशाशी जाणवली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. प्रमाण विचारलं की म्हणायच्या, "जिभंला इचार की, मला काय इचारतीस?"

आणि दुखणं उपटलं ते नेमकं तोंडात. कॅन्सर. सांगलीला दवाखान्याजवळ खोली घेऊन आम्ही दोघी राहिलो. रोज रेडिएशनचे शेक द्यायला न्यायचं, आणायचं, खोलीवर येऊन पेज करायची. शेक संपले, पण जिभेची चव गेली. भात माती, गूळ माती. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. घरी आल्यावर अक्कांनी स्वतःच ठरवून टाकलं, पन्हं लागलं की मी बरी झाले. मिरी झोंबायची म्हणून तेवढी वगळून मी रोज संध्याकाळी पातळसं पन्हं करायची. त्या दोन घोट घ्यायच्या. मी तोंडाकडे बघत राहायची... त्या मान हलवायच्या. "मातीच गं."

एके दिवशी मी पार गळून गेले होते. म्हैस व्यालेली, घरात पाहुणे, त्यात अक्कांची रात्रभराची जागरणं. कसंबसं पन्हं ढवळलं आणि वाटी हातात दिली. अक्कांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"सुमन, गूळ टाकला न्हाईस व्हय गं?"

मी वळून बघितलं. चिरलेला गूळ ताटलीत तसाच. "आवं अक्का, इसरले की..."

"आंबट लागलं गं! लय आंबट!"

हसताना ओठाला चीर पडून रक्त आलं, तरी त्या हसत होत्या. मी ओरडून सगळ्या घराला सांगितलं. दादा, म्हणजे त्यांचे मालक, माझे थोरले दीर, शेणाच्या हातांनी तसेच गोठ्यातून दारापर्यंत आले, अक्कांकडे बघत उभे राहिले आणि परत गोठ्यात गेले.

चव आली, अक्का मात्र राहिल्या नाहीत. पुढं छातीत कफ साठला, पुन्हा सांगली, आणि तिथूनच तो फोन. भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी. मला राग येतो. जिला आंबट लागायला लागलं होतं, ती बाई सुटायला निघाली नव्हती.

आता झाडावर शेवटच्या कैऱ्या आहेत. मी अजून दमलेलीच आहे, तरी पन्हं करते. गूळ घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढते आणि ओट्याच्या कोपऱ्यात, अक्का बसायच्या तिथं ठेवते. का, ते विचारू नका. परवा दादा स्वयंपाकघरात आले. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी फार बोलू नये, अशी आमच्याकडची रीत. त्यांनी ती वाटी उचलली, घोट घेतला आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

"एवढं आंबट?"

"व्हय दादा," मी पदर सावरत म्हणाले. "अक्कांना लागलं ते ह्येच."

दादांनी वाटी पुन्हा तोंडाला लावली, ती रिकामी करूनच खाली ठेवली.