दादांचं विमान मळकं नव्हतं

ज्या माणसानं नोकरीभर गंजाचा एक ठिपका दिसला की समोरच्याची खरडपट्टी काढली, तो निवृत्त झाल्यावर घरी बसून हौसेनं गंज रंगवायला लागला. आता याला काय म्हणावं? अच्युत देशकर, राहणार अयोध्या नगर, भोपाळ. मोठ्या कारखान्यात पेंट शॉपचा सुपरवायझर होता. रंगवलेल्या यंत्रावर कुणाच्या बोटाचा ठसा उमटला तरी त्याचं डोकं फिरायचं. आणि आता हाच गृहस्थ भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा चंदेरी रंगात बुडवून प्लास्टिकच्या वीतभर विमानावर टिपत बसतो, रंग उडाल्यासारखा दिसावा म्हणून. त्याच्या बायकोनं, सिंधूनं, पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नवं करकरीत आणायचं आणि आपल्या हातानं जुनं करायचं. रिकामपण वाईट हो."

मुलगा निखिल बंगळुरूला. त्यानंच पहिलं विमान पाठवलं, आणि बाबांना नाद लागला. असली विमानं जोडणाऱ्या हौशी मंडळींचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात अच्युत शिरला. तिथं कळलं की नुसतं रंगवलं म्हणजे झालं नाही, खरी कसोटी पुढेच. लढाईतलं विमान उन्हातान्हात उभं राहतं, तेल गळतं, धूर ओकतं. ते सगळं त्या एवढ्याशा अंगावर दिसलं पाहिजे. जितकं कळकट तितकं खरं, असं ग्रुपवर जो तो म्हणायचा.

पण यंदाचं विमान नुसत्या हौसेचं नव्हतं. ते दादांसाठी होतं.

दादा म्हणजे अनंत, अच्युतचे थोरले भाऊ. एकाहत्तरच्या लढाईत ते हवाई दलात एअरमन होते, विशीतलं पोरगं. नॅट नावाच्या चिमुकल्या लढाऊ विमानाची देखभाल त्यांच्याकडे होती. हवाई दल सुटल्यावर भोपाळच्या कारखान्यात लागले, मागाहून धाकट्या भावाला वर्ध्याहून आणलं, चिकटवलं. लढाईबद्दल मात्र कधी चकार शब्द नाही. विचारलं की म्हणायचे, "होतो तिथं. काम केलं. आलो." गेल्या वर्षी लीलावहिनी गेल्या आणि अच्युत दादांना आपल्या घरी घेऊन आला. तेव्हापासून तर बोलणंच आटलं. हो, नाही, मीठ दे, बस. सकाळी उठायचं, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि अंगणातली जुनी स्कूटर फडक्यानं लख्ख पुसायची. ती स्कूटर कुणी चालवत नव्हतं. तरी रोज पुसायची.

अच्युतला धसका बसला होता. माणूस असा आतल्या आत बंद होत गेला तर एक दिवस पुरताच बंद होतो, हे त्यानं शेजारीपाजारी पाहिलं होतं. दादांनी एकदा तोंड उघडावं, एवढंच त्याला हवं होतं. दादांची पंचाहत्तरी जवळ आली होती. त्यानं नॅटचा संच मागवला आणि कामाला लागला.

आणि काम तरी कसं. आधी सगळं अंग चंदेरी केलं, त्यावर लढाईतला हिरवा रंग चढवला, त्यावर पारदर्शक वॉर्निशचा हात. मग सुरू झाली मळवणूक. काळा तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पत्र्यांच्या सांध्यांत सोडला. पोटाखाली तेलाचे ओघळ काढले. धुरासाठी तर सिंधूच्या समईवर बशी उपडी धरून काजळी जमवली. "देवाची काजळी विमानाच्या बुडाला," सिंधू पुटपुटली, पण बशी तिनंच धरली होती. शेवटी बारीक पॉलिश पेपरनं कॉकपिटच्या डाव्या काठावरचा हिरवा रंग जरासा घासला, खालची चांदी दिसेपर्यंत. वैमानिक आत चढताना इथं बूट घासत असेल, असा त्याचा अंदाज. फोटो ग्रुपवर टाकला तर वाहवाच वाहवा. अच्युतची छाती फुगली.

वाढदिवसाला सिंधूनं दादांना पाटावर बसवून औक्षण केलं. मग अच्युतनं विमान आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि समोर उभा राहिला.

दादांनी चष्मा लावला. विमान उचललं, उलटं केलं, पोट पाहिलं, शेपूट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली ठेवलं.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच दादा. तुमचं नॅट."

"माझं नाही," दादा म्हणाले. "माझं विमान असं घाण नव्हतं."

उठले, खोलीत गेले, दार लावून घेतलं. श्रीखंड तसंच राहिलं.

अच्युतचा चेहरा पाहवत नव्हता. त्याला रागही आला. तीन महिने डोळे फोडून केलं त्याचं हे फळ? "खरं विमान मळतंच," तो सिंधूवर डाफरला. "लढाई होती, प्रदर्शन नव्हतं."

सिंधू ताटं उचलत होती. ती म्हणाली, "अहो, माझ्या स्वयंपाकघराचं कुणी चित्र काढलं, आणि ओट्यावर तेलाचे डाग, शेगडीवर उतू गेलेलं दूध असं सगळं हुबेहूब रंगवून माझ्याच वाढदिवसाला मला दिलं, तर मी काय म्हणेन? डाग पडतात हो. पण मी ते राहू देते का?"

अच्युत खुर्चीत बसला तो बसलाच. अंगणात स्कूटर उभी होती, आरशासारखी. वर्षभर रोज तो ती पाहत होता आणि म्हातारपणाचा चाळा म्हणून सोडून देत होता. आणि तो स्वतः, पेंट शॉपचा माणूस, ज्याला बोटाचा ठसा खपत नसे, त्यालाच हे बायकोनं ताटं उचलता उचलता सांगावं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्कूटर पुसत होते. अच्युतनं शेजारी स्टूल मांडलं, त्यावर विमान ठेवलं, टर्पेंटाइनची वाटी ठेवली, जुन्या धोतराचा मऊ तुकडा ठेवला.

"चुकलं दादा," तो म्हणाला. "तुम्हीच साफ करा."

दादांनी फडकं हातात घेऊन पाहिलं. खाली बसले. फडक्याचं टोक भिजवलं, पिळलं आणि पुसायला लागले, नाकापासून शेपटाकडे, एकाच दिशेनं. वॉर्निशवरचा मळ सरसर निघाला. ओघळ गेले, काजळी गेली, चंदेरी ठिपके गेले. तीन महिन्यांचं काम डोळ्यांदेखत फडक्यात जात होतं आणि अच्युतला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण दादा बोलायला लागले होते. "पोट आधी बघायचं. तेल आलं तर पोटावर येतं." मग, "पायलट साहेब म्हणायचे, अनंत, इतना मत चमकाओ, दुश्मन को दिखेगा." आणि दादा चक्क हसले.

मग फडकं कॉकपिटच्या काठाशी आलं आणि थांबलं. तो ओरखडा निघेना. निघणार कसा, तो रंगवलेला नव्हता, घासलेला होता.

"हे कुणी केलं?"

"मीच. अंदाजानं केलं. बूट लागत असेल म्हणून..."

"इथंच लागायचा," दादा म्हणाले. त्यांचा अंगठा त्या जागेवर होता. "रोज सांगायचो, साब, पाँव संभालके. रोज लावायचेच. संध्याकाळी परत आले की मी डबी-ब्रश घेऊन उभा. तेवढी जागा रंगवायची, मगच जेवायचं." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "त्या दिवशीही सकाळी लागला. संध्याकाळी मी उभा होतो डबी घेऊन. अंधार पडला, सगळे जेवायला गेले. मी उभाच. लीलाला तेवढं सांगितलं होतं. आता ती नाही, कुणाला सांगू?"

"मला सांगा ना दादा," अच्युत म्हणाला.

तो आत गेला, हिरव्या रंगाची बाटली आणि सगळ्यात बारीक ब्रश घेऊन आला, आणि दादांच्या हातात दिला. दादांनी झाकण उघडलं. ब्रश बुडवला. ओरखड्यापर्यंत नेला.

मग त्यांनी ब्रश मागे घेतला.

"आल्यावर लावायचा असतो तो," ते म्हणाले. "साहेब आले कुठे अजून?"

त्यांनी ब्रश पुसला, झाकण घट्ट लावलं. विमान आपल्या खोलीत नेऊन खिडकीत ठेवलं आणि रंगाची बाटली त्याच्या चाकाशी, हाताशी येईल अशी, उभी केली.